मासळी घटते तेव्हा तोटा कोणाच्या वाट्याला येतो?

'मासळी घटली' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. कधी ते कोकण किनाऱ्यासंबंधी असते, कधी गोसेखुर्दच्या जलाशयासंबंधी, तर कधी नागपूरच्या गांधीसागर तलावात मेलेल्या माशांच्या छायाचित्राखाली छापलेले असते. या वाक्यातून असे सूचित होते, की मासळी घटली म्हणजे मासे धरणाऱ्या सगळ्यांचेच सारखे नुकसान झाले. वस्तुतः तसे कधीच होत नाही. एकाच तळ्यातली मासळी निम्म्याने घटली, तर एका घरात वर्षभराची चूल विझते, दुसऱ्या घरात जरा ओढाताण होते आणि तिसऱ्या घरी, म्हणजे व्यापाऱ्याच्या घरी, कदाचित नफाच होतो. पाणी एक, मासा एक, घट एक. मग परिणाम वेगळे का? या प्रश्नाचे उत्तर माशात शोधून मिळत नाही. ते मासे धरण्याच्या रीतीत आहे.

'रीत' हा शब्द मी येथे थोड्या व्यापक अर्थाने वापरतो आहे. कोणती मासळी धरायची, कोणत्या जाळ्याने, कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यांत, कोणाच्या पैशाने धरायची आणि धरलेली कोणाला विकायची, या सगळ्यांची मिळून एक रीत होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही रीत मासेमाराची 'निवड' म्हणून दाखवलेली असते. आपल्याकडे ती किती प्रमाणात निवड असते आणि किती प्रमाणात वाट्याला आलेली असते, हाच या लेखाचा खरा विषय आहे.

असा विषय या नियतकालिकात कशाला, असे कोणी विचारील. विदर्भातील मासेमार मुख्यतः ढिवर, कहार, केवट, भोई या जातींचे. सरकारी यादीत ते भटक्या जमाती (ब) मध्ये मोडतात. अनुसूचित जातींत नव्हेत. पण १९७३ साली दलित पँथरने आपल्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दाची व्याख्या केली, तेव्हा त्यात भूमिहीन, श्रमिक आणि स्त्रिया यांचा समावेश केला होता. ती व्याख्या आपण सभेत टाळ्यांसाठी वापरतो आणि अभ्यासाच्या वेळी विसरतो. शिवाय पाण्याचा प्रश्न आपल्याला परका नाही. १९२७ साली महाडला जो झगडा झाला तो पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा होता. ढिवराला पाण्याला हात लावण्याची मनाई कधी नव्हती. पाण्यात उतरणे हे तर त्याच्यावर जातीने लादलेले कामच होते. मात्र त्या पाण्यावर त्याचा हक्क कधी मानला गेला नाही. या दोन प्रकारच्या वंचना एकमेकींपासून दिसतात तेवढ्या दूर नाहीत.

आता तळ्यांकडे येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात, विशेषतः कोहळी समाजाच्या लोकांनी, धानाच्या सिंचनासाठी ही तळी बांधली. पुढे मालगुजारी आली आणि तळे मालगुजाराचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि १९५१ पासून तळी सरकारजमा झाली. त्या वेळी हा प्रदेश मध्य प्रांताचाच वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशात होता. पाणी धानाला देण्याची व्यवस्था कागदावर राहिली. मासळी धरण्याचा हक्क मात्र ठेक्याने द्यायचा ठरला. मालगुजाराच्या मर्जीच्या जागी ठेक्याचा कागद आला. मर्जीपेक्षा कागद बरा, यात शंका नाही. पण कागदावर रक्कम असते, मुदत असते आणि अटी असतात, आणि त्या अटींनीच पुढे मासेमारीची रीत ठरवली.

या तळ्यांत मूळची मासळी कोणती? मरळ, मांगूर, शिंगी, वाम, टेंगरा, लहानसहान खवल्यांची मासळी आणि झिंगे. यांना कोणी सोडावे लागत नाही. पावसाचे पहिले पाणी आले की ही मासळी काठच्या गवतात, पाणवनस्पतींत, धानाच्या बांधीत अंडी घालते. मरळ, मांगूर आणि शिंगी यांची आणखी एक खुबी आहे. त्यांना हवेतला प्राणवायू घेता येतो. त्यामुळे तळे आटत आले, पाणी गढूळ झाले, तरी चिखलात ती तग धरतात, आणि बाजारात टोपल्यात घालून नेली तर जिवंत पोचतात. या शेवटच्या गोष्टीला अर्थशास्त्रात फार मोल आहे. त्याकडे पुढे येतो.

कटला, रोहू आणि मृगळ ही दुसरी मासळी. ही गंगेच्या खोऱ्यातली मोठी, भरभर वाढणारी, बाजाराला आवडणारी. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिन्ही एकाच तळ्यात वाढवता येतात. परंतु साचलेल्या पाण्यात ही मासळी सहसा वीत नाही. तिला पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. म्हणून तिचे बीज पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन रेल्वेने देशभर जात असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन या माशांना बंदिस्त पाण्यात विण्यास लावले. ही फार मोठी गोष्ट होती. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे निघाली आणि मत्स्यजिरे, बोटुकली हे शब्द ढिवराच्या घरात आले. सोसायट्यांनी ठेका घेऊन बोटुकली सोडायची, हीच 'सुधारलेली' मासेमारी ठरली. जोडीला सायप्रिनस आला, गवत खाणारा मासा आला.

मी या सुधारणेच्या विरोधात नाही. कटला-रोहूने सोसायट्यांना प्रथमच एकगठ्ठा पैसा दाखवला, हे नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु या सुधारणेबरोबर एक समजूत आली, की कटला-रोहू म्हणजे मासळी आणि बाकीची म्हणजे तण. मरळ बोटुकली खाते, म्हणून बीज सोडण्याआधी ती काढून टाकावी, असा सल्ला दिला जाऊ लागला. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो, गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो. मग जिच्यात मूळची मासळी अंडी घालते ती वनस्पतीच उरत नाही. काठावर बेशरमचे रान माजले, ते वेगळेच. अशा रीतीने एका तळ्यातली दहा-पंधरा प्रकारची मासळी जाऊन तीन-चार प्रकार उरले. तळे तेवढेच राहिले, पण ढिवराची रीत अरुंद झाली.

अरुंद रीत म्हणजे काय, हे आकड्यांनी समजावून घेऊ. हे आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट गावचे नव्हेत. समजा, एक घर फक्त कटला-रोहूवर अवलंबून आहे. बरे वर्ष असेल तर त्याच्या वाट्याला ३०,००० रुपयांची मासळी येते. बोटुकली, ठेक्याचा हिस्सा, जाळे, राखण यांचा खर्च १०,०००. हाती राहतात २०,०००. दुसरे घर निम्मी शक्ती कटला-रोहूवर आणि निम्मी मूळच्या मासळीवर लावते. त्याला कटला-रोहूचे १५,००० मिळतात, त्यातून ५,००० खर्च वजा जाऊन १०,००० उरतात. मूळच्या मासळीला बीज विकत घ्यावे लागत नाही, तिचे १०,००० मिळतात. म्हणजे एकूण पुन्हा २०,०००. बऱ्या वर्षी दोन्ही घरे सारखी.

आता पाऊस दगा देतो. कटला-रोहू निम्म्यावर येते. तग धरणारी मूळची मासळी, समजा, चौथ्या हिश्शाने कमी होते. पहिल्या घराला १५,००० मिळतात, पण खर्च आधीच झालेला आहे, तो कमी होत नाही. हाती राहतात ५,०००. मासळी निम्मी झाली आणि उत्पन्न चौथाई झाले! दुसऱ्या घराला कटला-रोहूतून ७,५०० वजा ५,००० म्हणजे २,५०० आणि मूळच्या मासळीतून ७,५००, मिळून १०,००० मिळतात. त्याचे उत्पन्न निम्मे झाले. तळे एकच, दुष्काळ एकच, पण एकाला दुसऱ्याच्या दीडपट फटका बसला.

हिशेब येथे संपत नाही. खर्चाचे पैसे बहुधा घरचे नसतात. ते व्यापाऱ्याकडून उचल म्हणून येतात. महिना शेकडा तीन दराने दहा महिन्यांचे व्याज धरले, तर पहिल्या घराला १०,००० वर ३,००० व्याज पडते आणि वाईट वर्षी हाती राहतात अवघे २,०००. दुसऱ्या घराला १,५०० व्याज पडते, आणि ८,५०० उरतात. त्यातच उचल घेतलेल्याने मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने घालायची, हा अलिखित करार असतोच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाऊसपाणी उत्तम झाले आणि कटला-रोहू दीडपट आली, तर व्याज बाजूला ठेवून पहिल्या घराला ३५,००० मिळतील. दुसऱ्याला, मूळची मासळी सव्वापट धरून, ३०,०००. म्हणजे एकाच मासळीवर भिस्त ठेवणारा चांगल्या वर्षी पुढे जातो. ज्याच्याकडे शिल्लक आहे, शेत आहे, नोकरी करणारा भाऊ आहे, त्याला हा जुगार परवडतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने जुगार खेळू नये, असे अर्थशास्त्र सांगते. आणि आपल्या योजना नेमक्या त्यालाच तो खेळायला लावतात.

आता भावाचा प्रश्न. विद्यार्थी मला नेहमी विचारतात, की मासळी कमी झाली तर भाव वाढायला हवा. मग तोटा भरून निघत नाही काय? हा प्रश्न रास्त आहे. पण भाव कोणत्या बाजारात ठरतो ते पाहा. नागपूरच्या बाजारात आंध्रच्या तळ्यांतली रोहू-कटला बर्फात घालून ट्रकच्या ट्रक येते. भंडाऱ्याची तळी आटली म्हणून आंध्रचा ट्रक थांबत नाही. त्यामुळे ढिवराचे पीक बुडते त्या वर्षीही नागपुरातला भाव फारसा हलत नाही. म्हणजे कमी माल आणि तोच भाव, असा दुहेरी पेच. याउलट जिवंत मरळ किंवा शिंगी बर्फातल्या ट्रकने येत नाही. तिचे गिऱ्हाईक वेगळे. बाळंतिणीला, आजाऱ्याला, अशक्त माणसाला ही मासळी चांगली, असा लोकांचा समज आहे, आणि तिला आठवडी बाजारात रोहूपेक्षा चढा दर मिळतो. ती विकत न गेली तर संध्याकाळी सडत नाही; पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी विकता येते. नाशवंत माल विकणाऱ्याला 'उद्या विकीन' असे म्हणता येणे, ही केवढी मोठी ताकद आहे, ते भाजी विकणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे.

आणि हा बाजार चालवते ती बाईच. उन्हाळ्यात ओढजाळे टाकून एकदम काढलेली कटला-रोहू सोसायटीच्या वजनकाट्यावर पुरुष मोजतात आणि व्यापाऱ्याच्या गाडीत भरतात. रोजच्या फेकजाळ्यात आलेली, वाटे करून विकायची मासळी बाई टोपलीत घेऊन गावोगाव फिरते. त्यातून तेल-मीठ येते, धानाच्या बदल्यात मासळी जाते, आणि उरलेली घरातल्या पोरांच्या ताटात पडते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका बाजारात मी एका वृद्ध ढिवर बाईला विचारले, की आता पूर्वीसारखी मासळी मिळत नाही काय? ती म्हणाली, "भेटते ना बाबू, पण ते सोसायटीची हाये, आमची नाही." मासळीच्या घटीचे एवढे नेमके विश्लेषण मी कोणत्याही अहवालात वाचलेले नाही. तळ्यातले एकूण किलो कदाचित वाढलेही असतील. बाईच्या टोपलीतले किलो घटले. अहवालात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. अनेक सोसायट्यांच्या सभासद-यादीत बाईचे नाव नसते, मग तिची टोपली कोणाच्या हिशेबात येणार?

येथे जातीचा प्रश्न सरळ समोर येतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात जातीवर जे आर्थिक आक्षेप घेतले, त्यांतील एक असा, की उद्योगात सतत बदल होत असतात, आणि माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक नसेल तर तो बेकार होतो. जात ही मोकळीक नाकारते, म्हणून ती बेकारीचे कारण बनते. हा आक्षेप आपण सामाजिक प्रश्न म्हणून वाचतो. मला तो मासळीच्या अर्थशास्त्राचा पाया वाटतो. बदलत्या साधनसंपत्तीवर जगणाऱ्याला रीत बदलता आली पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम-खाते अस्पृश्यांना बंद होते. नागपूरला १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि २००२ मध्ये ती बंद पडली. यंत्र बदलले, बाजार बदलला, तेव्हा कोणाला दुसरा धंदा जमला आणि कोण रस्त्यावर आला, हे केवळ हुशारीवर ठरले नाही. आधी कोणाला कोणत्या खात्यात शिरू दिले होते, कोणाजवळ शिक्षण आणि जमीन होती, यावर ते ठरले. तळ्याचेही तसेच.

गंमत अशी, की ढिवरांची जुनी रीत एका अर्थाने फार रुंद होती. मासळी, तळ्यातला शिंगाडा, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या, पालखी वाहणे, पाणी भरणे, असे कितीतरी उद्योग या जातींकडे होते. एक बुडाले तर दुसरे. पण म्हणून जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पालखी वाहणे आणि वाड्यावर पाणी भरणे हा 'जोडधंदा' नव्हता, ती वेठ होती. ती गेली हे चांगलेच झाले. वाईट एवढेच झाले, की वेठीबरोबर शिंगाडा आणि डांगराची वाडीही गेली, आणि त्यांच्या जागी शाळा, जमीन, पगार यांपैकी काही आले नाही. रीत रुंद असणे आणि माणूस मोकळा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दोन्ही हव्यात.

हे केवळ विदर्भापुरते नाही. कोकण किनाऱ्यावर डोल जाळे लावणारा कोळी भरती-ओहोटीच्या ओढीवर बोंबील, जवळा धरतो. त्याचे जाळे एका जागी खुंटाला बांधलेले असते. मासळी आली तर आली. पर्ससीनवाला मासळीचा थवा शोधत जातो आणि सगळा थवाच घेरतो. २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे २ लाख १ हजार टनांवर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे ती ४५ वर्षांतली सर्वांत कमी होती. आदल्या वर्षी ती सुमारे २ लाख ९५ हजार टन होती. त्या वर्षी वादळेही आली. अशा वर्षी ज्याचे जाळे खुंटाला बांधलेले आहे त्याने काय करावे? ज्याच्याकडे मोठे इंजिन आणि डिझेलला पैसा आहे तो दूर जातो, उरलेली मासळीही आणतो, आणि टंचाईचा भाव त्याला मिळतो. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश फेब्रुवारी २०१६ चा. कागद निघण्यास लागलेल्या या ३५ वर्षांत लहान कोळ्याची रीत कशी टिकली असेल याची कल्पना करावी.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाचे उदाहरण जगभर दिले जाते. तेथे कॉड माशावर चारशे-पाचशे वर्षे वस्ती जगली. मोठ्या ट्रॉलरांनी समुद्र खरवडला आणि २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. पुढे तेथे खेकडे आणि कोळंबी वाढली, आणि काही वर्षांतच धरलेल्या मालाची एकूण किंमत पूर्वीपेक्षाही वर गेली. आकड्यांकडेच पाहिले तर संकट संपले! पण खेकड्याचा परवाना आणि दूर जाणारी नौका ज्यांच्याकडे होती त्यांनाच ती किंमत मिळाली. किनाऱ्यालगत लहान होडीतून कॉड धरणारा आणि कारखान्यात कॉड सोलणारी बाई, ही दोघे गाव सोडून गेली. अलास्कात १९७३ पासून सामन मासळीचे परवाने मर्यादित केले गेले. ते परवाने विकता येत असल्यामुळे अडचणीच्या वर्षी मूळ निवासी खेड्यांतल्या गरिबांनी ते विकले, आणि पुन्हा विकत घेण्याची ऐपत आली नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनारा आणि अलास्कातील नोंदींवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की ज्यांचे उत्पन्न अनेक प्रकारच्या मासळीतून येते त्यांच्या उत्पन्नात वर्षागणिक चढउतार कमी असतात. आणि असे असूनही असे मासेमार कमी कमी होत चालले होते. परवान्याची पद्धतच माणसाला एका मासळीला बांधून टाकते.

आता आपल्या दारातले पाहू. नागपूरच्या उत्तरेला पेंच नदीवर तोतलाडोह धरण झाले. ज्यांची नदी गेली त्यांना जलाशयात मासेमारीची आशा होती. पण दोन्ही राज्यांच्या बाजूंना राष्ट्रीय उद्यान. मध्य प्रदेश शासनाने ३०५ कुटुंबांना परवाने दिले, त्यांना आव्हान दिले गेले, आणि मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परवाने अटींसह मान्य केले. छायाचित्राचे ओळखपत्र हवे, ठरलेल्या वाटेनेच जायचे, विस्तव पेटवायचा नाही, बेटांवर उतरायचे नाही, रोजच्या मासळीची नोंद ठेवायची. वाघाच्या जंगलात अटी असणार, हे मान्य. परंतु कोणाला परवाना आणि कोणाला 'चोर' हे नाव, हे एका रेषेने ठरले. महाराष्ट्राच्या बाजूला मासेमारी हा गुन्हा राहिला आणि वर्षानुवर्षे त्यावरून संघर्ष झाला. त्याच पाण्यात, त्याच जाळ्याने मासा धरणाऱ्या दोन माणसांची अर्थव्यवस्था वेगळी झाली. ज्याला लपून धरायचे आहे तो जाळे निवडू शकत नाही, वेळ निवडू शकत नाही, आणि भाव तर मुळीच मागू शकत नाही.

वैनगंगेवर २२ एप्रिल १९८८ रोजी गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. नदी होती तेव्हा तिच्यात डोह होते, रांजणखळगे होते, रेती होती; उन्हाळ्यात डोहात मासळी गोळा होई आणि ढिवर तेथे ती धरत. धरण झाल्यावर डोह बुडाले, रेती बुडाली, डांगराच्या वाड्या बुडाल्या. त्यावर नागपूर शहराची भर अशी, की आपली नाग नदी सगळ्या शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते, आणि कन्हान वैनगंगेला. म्हणजे आपण नागपूरकर सकाळी जे सोडतो ते भंडाऱ्याच्या ढिवराच्या जाळ्यात जाते. जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, जाळे ओढताच येत नाही. ज्याची जमीन गेली त्याच्या सातबाऱ्यावर ती लिहिलेली होती, म्हणून मोबदल्याचा वाद तरी घालता आला. डोहाचा सातबारा नसतो.

याच पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक वेगळे काम झाले आहे, त्याची नोंद घेतली पाहिजे. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर यांच्या 'फीड' या संस्थेबरोबर ढिवर सोसायट्यांनी आणि विशेषतः ढिवर बायांनी काही तळ्यांतले बेशरम उपटले, पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मूळच्या मासळीला अंडी घालायला जागा केली. कोणत्या जागी कोणती वनस्पती होती, कोणता मासा तिच्यात विणतो, हे ज्ञान त्यांच्याकडेच होते. शास्त्रीय नाव तेवढे बाहेरून आले. कटला-रोहू त्यांनी सोडून दिली नाही. तिच्या शेजारी दुसरी मासळी परत आणली. मला हे काम निसर्गप्रेमापेक्षा अर्थकारणाचे वाटते. वर जे दुसरे घर मी हिशेबासाठी कल्पिले, ते प्रत्यक्षात उभे करण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रयत्न टिकायचा तर ठेक्याच्या कागदात बदल व्हावा लागेल. पाच वर्षांच्या ठेक्यात तळ्याच्या काठाची मशागत कोण करील? वनस्पती लावणाऱ्याच्या हाती पुढचा ठेका राहील याची खात्री काय? बोटुकली किती सोडली एवढेच विचारणारा अधिकारी मरळीचे किलो कोठे लिहील? सभासद-यादीत पतीबरोबर पत्नीचे नाव का नसावे? या मागण्या मोठ्या नाहीत. मोर्चा न काढताही त्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरावाने मांडता येतात.

नागपूरला २००० सालापासून पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथे आणि आपल्या महाविद्यालयांत ढिवर, भोई, कहार यांची मुले आता थोडी-थोडी येऊ लागली आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की सुटीत गावी जाल तेव्हा शंभर पानांची एक वही न्या. आईची टोपली रोज तोला. कोणता मासा, किती, कोणत्या जाळ्याचा, कोणाला विकला, रोखीने की धानाने, उचल किती फेडली, एवढे लिहा. सोसायटीच्या दप्तरात जे नाही ते त्या वहीत येईल, आणि पुढच्या ठेक्याच्या वेळी, किंवा पाणी विटाळल्याची भरपाई मागताना, साहेबाच्या टेबलावर ठेवायला निदान एक वही असेल.